उलगडत जाणारी चित्रे पडद्यावर : जपानी एमाकी आणि तिचे ऑनलाइन चित्रदालन

जपानमध्ये बाराव्या आणि तेराव्या शतकांत कागदाच्या लांबच लांब पट्ट्यांवर कथा रंगवण्याची कला बहराला आली होती. अशा चित्रगुंडाळीला जपानीत 'एमाकी' म्हणतात. तिची उंची साधारणपणे ३० ते ४० सेंटीमीटर असते, लांबी मात्र सात, दहा, कधी चौदा मीटरपर्यंत जाते. दरबारातील प्रणयकथा, मठमंदिरांच्या आख्यायिका, लढाया, नरकाची वर्णने असे नाना विषय या पट्ट्यांवर आढळतात. त्यांतील बऱ्याच आज घरबसल्या पाहता येतात, कारण जपानमधील आणि जपानबाहेरील संग्रहालयांनी त्यांची छायाचित्रे इंटरनेटवर खुली केली आहेत. मात्र एखादे तैलचित्र ऑनलाइन दाखवणे आणि एमाकी ऑनलाइन दाखवणे ही कामे सारखी नाहीत. तैलचित्र एका नजरेत मावते. एमाकी एका नजरेत मावू नये अशाच हिशेबाने रंगवलेली असते आणि तिच्यातील गोष्ट पट्टी हळूहळू उलगडण्याच्या क्रियेतून घडत जाते. त्यामुळे तिचे चित्रदालन उभारताना चित्रांबरोबरच त्यांचा क्रम, दिशा, मधली मोकळी जागा आणि सोबतचा मजकूर हे सगळे जपावे लागते.

आधी ही गुंडाळी मुळात कशी पाहिली जात असे ते समजून घ्यायला हवे. ती चटईवर किंवा बैठ्या मेजावर ठेवली जाई. पाहणारा डाव्या हाताने पुढचा भाग उलगडी आणि पाहून झालेला भाग उजव्या हाताने गुंडाळत नेई. जपानी लिपी उजवीकडून डावीकडे सरकणाऱ्या उभ्या ओळींत लिहिली जात असल्याने कथाही उजवीकडून डावीकडेच वाहते. एका वेळी दोन हातांमधले अंतर, म्हणजे सुमारे ६० सेंटीमीटर एवढाच भाग डोळ्यांसमोर असे. पुढे काय येणार हे गुंडाळलेल्या भागात दडलेले असे आणि कोणत्या प्रसंगावर किती वेळ रेंगाळायचे हे पाहणाऱ्याच्या हातात असे.

या रचनेचा चित्रकारांनी किती कल्पकतेने उपयोग केला हे 'शिगिसान एंगी' या बाराव्या शतकातील चित्रगुंडाळीत दिसते. नारा प्रांतातील शिगी डोंगरावरच्या चोगोसोन्शीजी या मंदिराच्या मालकीच्या या तीन गुंडाळ्यांत म्योरेन नावाच्या भिक्षूच्या चमत्कारांची कथा आहे. म्योरेन डोंगरावरून आपले भिक्षापात्र आकाशमार्गे एका श्रीमंताच्या घरी पाठवत असे आणि ते भरून परत येत असे. एके दिवशी कोणाचे लक्ष नसल्याने ते पात्र धान्याच्या कोठारात अडकून पडले. पहिल्या गुंडाळीच्या सुरुवातीचा मजकूर हरवला असल्यामुळे आज ती थेट गोंधळाच्या प्रसंगानेच उघडते. माणसे घरातून धावत बाहेर येत आहेत, हात वर करून ओरडत आहेत, आणि सगळ्यांच्या नजरा डावीकडे वर लागल्या आहेत. त्यांनी काय पाहिले ते आपल्याला अजून दिसलेले नसते. पट्टी आणखी थोडी सरकवली की उत्तर मिळते. अख्खे कोठार पाण्यावरून हवेत तरंगत चालले आहे आणि त्याच्या खाली ते छोटेसे पात्र आहे. पुढे श्रीमंत माणूस म्योरेनकडे जाऊन धान्य परत मागतो. भिक्षू एक पोते पात्रावर ठेवायला सांगतो आणि त्यामागोमाग उरलेली सगळी पोती पक्ष्यांच्या थव्यासारखी रांगेने उडत घरी परततात.

आता हाच प्रसंग एखाद्या चित्रदालनात सहा चौकोनी तुकड्यांत मांडलेला असेल, तर उडते कोठार पहिल्याच क्षणी दिसून जाते. धावणारी माणसे आणि कोठार यांच्यात चित्रकाराने जाणूनबुजून ठेवलेले अंतर नाहीसे होते. प्रत्येक तुकडा कितीही स्वच्छ आणि ठळक असला, तरी गोष्टीची गंमत निघून जाते. अशी दालने मी पुष्कळ पाहिली आहेत आणि तुकडे करण्याची ही सवय मला या क्षेत्रातील सर्वांत मोठी उणीव वाटते.

एमाकीचे दुसरे वैशिष्ट्य असे की एकाच पार्श्वभूमीवर तीच व्यक्ती अनेकदा रंगवली जाते. 'शिगिसान एंगी'च्या तिसऱ्या गुंडाळीत म्योरेनची वृद्ध बहीण, जी स्वतः भिक्षुणी आहे, भावाच्या शोधात फिरत तोदाईजी मंदिरात येते. भव्य बुद्धमूर्तीसमोरच्या त्या एकाच दृश्यात ती प्रार्थना करताना दिसते, झोपलेली दिसते आणि निघतानाही दिसते. म्हणजे मंदिर एकदाच रंगवले आहे, पण त्यात एक अख्खी रात्र सरली आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एकाच कथेतील नायक एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा पाहिलेल्या आपल्या वाचकांना ही पद्धत परकी वाटणार नाही. या दृश्याला आणखी एक मोल आहे. तोदाईजीचे ते सभागृह ११८० साली युद्धात जळाले, त्यामुळे त्याआधीच्या रूपाचा हा एक दुर्मीळ चित्रपुरावा आहे. त्यातील एकच भिक्षुणी कापून वेगळी दाखवली, तर वेळ सरल्याची जाणीवच उरत नाही.

'बान दाइनागोन एकोतोबा' ही तोक्योच्या इदेमित्सु संग्रहालयातील गुंडाळी याच तंत्राचा आणखी नाट्यमय नमुना आहे. इ. स. ८६६ मध्ये क्योतोच्या राजवाड्यातील ओतेन्मोन नावाच्या दरवाजाला आग लागली आणि त्यामागे एका मंत्र्याचा कट होता, असा तिचा विषय आहे. कट उघडकीला आणणारा प्रसंग अगदी साधा, गल्लीतला आहे. दोन मुले भांडत आहेत. त्यांतल्या एकाचा बाप, जो त्या मंत्र्याच्या पदरी असतो, धावत येतो आणि दुसऱ्या मुलाला लाथ मारतो. मग त्याची बायको आपल्या मुलाला हाताला धरून घराकडे ओढत नेते. मार खाल्लेल्या मुलाच्या बापाने आग लावणाऱ्यांना प्रत्यक्ष पाहिलेले असते आणि या अपमानाने चिडून तो सारे बोलून टाकतो. भांडण, लाथ आणि ओढत नेणे हे तिन्ही क्षण चित्रकाराने एका लहानशा वर्तुळात बसवले आहेत. माहिती नसलेल्या माणसाला तिथे सहा-सात वेगळी माणसे दिसतात. माहिती असलेल्याला तीच माणसे फिरताना दिसतात. इथे चित्राखाली दोन ओळींची टीप नसेल, तर उत्तम छायाचित्रही अपुरे पडते.

मजकुराची गोष्ट तर बहुतेक दालनांत उपेक्षितच राहते. बहुतेक एमाकींमध्ये चित्रांच्या आधी कथेचा मजकूर हाताने लिहिलेला असतो. परदेशी वाचकांना तो वाचता येत नाही, या समजुतीने दालनात केवळ चित्रे ठेवून मजकुराचे भाग गाळले जातात. 'गेन्जी मोनोगातारी एमाकी' हे बाराव्या शतकातील काम पाहिले, तर हे गाळणे किती महागात पडते ते कळते. दरबारी राजपुत्र गेन्जीच्या कथेवरील आज उपलब्ध असलेल्या गुंडाळ्यांत हे सर्वांत जुने काम असून त्याचा मोठा हिस्सा नागोयाच्या तोकुगावा कला संग्रहालयात आणि उरलेला तोक्योच्या गोतो संग्रहालयात आहे. यात घरांची छपरे काढून टाकल्यासारखी दाखवली आहेत, म्हणजे आतील माणसे वरून तिरप्या नजरेने दिसतात. चेहऱ्यांवर भाव जवळजवळ नसतातच. डोळ्यांच्या जागी एक बारीक रेघ आणि नाकाच्या जागी हुकासारखी एक छोटी वाकडी रेघ, एवढ्यावर चित्रकार थांबतो आणि भावना खोलीच्या तिरक्या रेषांतून, पडद्यांतून, अंगणातल्या गवतातून व्यक्त करतो. मुरासाकी या नायिकेच्या अखेरच्या आजारपणाच्या प्रसंगात तर अक्षरही बदलते. सोन्या-चांदीचे तुकडे पेरलेल्या कागदावर सुरुवातीला नीट चाललेल्या ओळी मृत्यू जवळ येतो तशा एकमेकींवर चढू लागतात. लिहिणाऱ्याचा हात जणू शोकाने आवरेनासा झाला आहे. हे पाहण्यासाठी जपानी येण्याची मुळीच गरज नाही.

इतक्या मोलाच्या वस्तू ऑनलाइन आणणे का गरजेचे आहे, याचे पहिले कारण त्यांच्या नाजूकपणात आहे. हिरवा आणि निळा रंग खनिजे कुटून बनवलेला आणि प्राणिजन्य सरसाने कागदाला चिकटवलेला असतो. प्रत्येक वेळी गुंडाळी उघडताना आणि मिटताना या थराला बारीक तडे जातात, रंगाचे कण सुटतात. प्रकाशाने कागद आणि रंग दोन्ही उतरतात. म्हणून अशा वस्तू वर्षातून मोजकेच दिवस, मंद प्रकाशात मांडल्या जातात आणि तेव्हाही पूर्ण लांबी उलगडतेच असे नाही. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयाने २०२१ मध्ये क्योतोच्या कोझानजी मंदिराच्या 'चोजू-गिगा' या प्राणिचित्रांच्या चारही गुंडाळ्या एकाच वेळी संपूर्ण उलगडून मांडल्या, तेव्हा त्याची फार मोठी चर्चा झाली. त्यांतील ससे, बेडूक आणि माकडे असलेल्या, सर्वांत लोकप्रिय अशा पहिल्या गुंडाळीसमोर संग्रहालयाने चक्क सरकता पट्टा बसवला होता, म्हणजे प्रेक्षक त्यावर उभा राहून चित्रापुढून सावकाश पुढे जाई. गतीचा प्रश्न पडद्यावरच नव्हे तर प्रत्यक्ष दालनातही सोडवावा लागतो, हे त्यावरून दिसते.

दुसरे कारण म्हणजे अनेक गुंडाळ्या फुटून जगभर विखुरल्या आहेत. ११५९ च्या हेइजी बंडावरील तेराव्या शतकातील 'हेइजी मोनोगातारी एमाकी'चा सान्जो राजवाड्यावरील रात्रीच्या हल्ल्याचा भाग अमेरिकेत बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे, तर इतर दोन भाग तोक्योत, एक सेइकादो संग्रहात आणि एक राष्ट्रीय संग्रहालयात. कवींच्या चित्रांची 'साताके' गुंडाळी तर १९१९ साली मुद्दाम कापली गेली. संपूर्ण वस्तू विकत घेणे कोणा एकाला झेपेना, तेव्हा उद्योगपती मासुदा ताकाशी यांच्या पुढाकाराने तिचे ३७ तुकडे करून ते चिठ्ठ्या टाकून वाटण्यात आले. शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, क्योतो राष्ट्रीय संग्रहालयाने त्यांतील ३१ तुकडे एका प्रदर्शनात एकत्र आणले. असे प्रदर्शन वारंवार भरवता येत नाही. पडद्यावर मात्र वेगवेगळ्या मालकांचे तुकडे कायमचे शेजारी मांडता येतात.

आता तांत्रिक बाजू पाहू. 'शिगिसान एंगी'ची पहिली गुंडाळी सुमारे ८.८ मीटर लांब आणि ३१ ते ३२ सेंटीमीटर उंच आहे. पुस्तकाच्या छपाईला लागते तेवढ्या, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल या बारकाव्याने तिचे छायाचित्र घेतले, तर रुंदी एक लाख पिक्सेलच्या वर जाते. एकूण पिक्सेल ३८ कोटींहून अधिक होतात आणि न आकुंचवलेली फाइल एक जीबी ओलांडते. सर्वांच्या परिचयाच्या जेपेग फाइलला मुळातच एका बाजूला ६५,५३५ पिक्सेलची मर्यादा असल्याने ही गुंडाळी एका जेपेगमध्ये मावतच नाही. उलट तीच गुंडाळी १५ सेंटीमीटर लांबीच्या आडव्या धरलेल्या फोनवर पूर्ण बसवली, तर सुमारे साडेपाच मिलिमीटर उंचीची एक पट्टी उरते आणि तिच्यात काहीही ओळखू येत नाही.

यावरचा उपाय नकाशांच्या संकेतस्थळांवर आपण रोज वापरतो तोच आहे. मूळ प्रतिमेच्या लहान होत जाणाऱ्या अनेक आवृत्त्या तयार करतात आणि प्रत्येक आवृत्ती २५६ किंवा ५१२ पिक्सेलच्या चौरस फरशांमध्ये कापून सर्व्हरवर ठेवतात. पाहणारा ज्या जागेवर आणि जितक्या जवळून पाहत असेल, तेवढ्याच फरशा त्याच्याकडे पाठवल्या जातात. बोटाने पट्टी सरकवली की पुढच्या फरशा येतात. त्यामुळे साध्या मोबाइल जोडणीवरही गुंडाळी अखंड राहते आणि घोड्याच्या लगामातला धागाही पाहता येतो. छायाचित्रण मात्र तुकड्यांतच होते. गुंडाळी सपाट मेजावर थोडी थोडी उलगडत, एकसारख्या प्रकाशात, शेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवून एकमेकांवर थोडी चढणारी छायाचित्रे घेतली जातात आणि मग संगणकावर जोडली जातात. सांधा नीट जुळला नाही, तर एखाद्याचा हात तुटलेला दिसतो किंवा घोड्याला पाचवा पाय फुटतो.

फरशांची ही व्यवस्था प्रत्येक संग्रहालयाने आपापल्या पद्धतीने केली, तर एकाची प्रतिमा दुसऱ्याच्या दालनात उघडणार नाही. ही अडचण दूर करण्यासाठी जगभरच्या ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी मिळून प्रतिमांच्या देवाणघेवाणीचा एक समान आराखडा ठरवला आहे, त्याला तंत्रज्ञ 'ट्रिपल आय एफ' म्हणतात. त्याचा गाभा सोपा आहे. प्रतिमेच्या वेबपत्त्यातच कोणता भाग, केवढा आकार, किती फिरवून आणि कोणत्या प्रतीचा हवा हे लिहिता येते. त्याच्या जोडीला एक माहितीपत्र असते, ज्यात पानांचा क्रम, शीर्षक, मालक आणि वापराच्या अटी नोंदवलेल्या असतात. याच माहितीपत्रात पाहण्याची दिशा नोंदवण्याची सोय आहे. तिथे 'उजवीकडून डावीकडे' असे नोंदवायचे राहिले, तर प्रतिमा दाखवणारी संगणकप्रणाली आपल्या सवयीप्रमाणे डावीकडून सुरुवात करते आणि प्रेक्षक कथेच्या शेवटाकडून आरंभाकडे जातो. बोस्टनच्या गुंडाळीत त्याचा परिणाम चटकन जाणवतो. ती उजवीकडे धावत्या बैलगाड्यांच्या आणि माणसांच्या गर्दीने सुरू होते, मध्ये राजवाडा धडाडून पेटतो, कत्तल होते, मग सैनिकांची परतीची मिरवणूक विरळ होत होत डाव्या टोकाला एक घोडेस्वार आणि त्याच्या पुढे एक धनुर्धर एवढेच उरतात. सगळा कल्लोळ ओसरल्यानंतर येणारा हा कोरा कागद म्हणजे कथेतला श्वास आहे. उलट दिशेने पाहणाऱ्याला तो आरंभीचा रिकामा समास वाटतो आणि दालन मांडणारे कधी कधी 'इथे काही नाही' म्हणून तो कापूनही टाकतात.

मजकूर वाचण्याच्या बाबतीत अलीकडे मोठी मदत उपलब्ध झाली आहे. जुन्या जपानी हस्तलिखितांतील अक्षरे एकमेकांना जोडत जाणारी धावती लिपी आजच्या बहुतेक जपानी माणसांनाही वाचता येत नाही. तोक्योतील मानव्यविद्यांच्या मुक्त विदा केंद्राने २०२१ मध्ये 'मिओ' नावाचे मोबाइल अ‍ॅप विनामूल्य उपलब्ध करून दिले. त्यात पानाचे छायाचित्र घेतले की यंत्र ती अक्षरे ओळखून आधुनिक लिपीत दाखवते. चुका होतात, पण दार किलकिले होते. मजकूर आणि चित्र यांची सांगड कशी घालावी याचा एक चांगला नमुना अमेरिकेतील बोडन कॉलेजने केलेल्या संकेतस्थळावर आहे. १२७४ आणि १२८१ च्या मंगोल स्वाऱ्यांत लढलेल्या ताकेझाकी सुएनागा या सामुराईने आपल्या पराक्रमाची जी गुंडाळी करवून घेतली, ती तिथे उजवीकडून डावीकडे सरकवत पाहता येते, मजकुराचा अनुवाद वाचता येतो आणि मूळ गुंडाळीची नंतरच्या शतकांतील नकलांशी तुलनाही करता येते.

नकलांचा हा मुद्दा दालन उभारणाऱ्यांनी फार गांभीर्याने घ्यावा असे मला वाटते. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांत, जुन्या एमाकींच्या अनेक उत्तम नकला केल्या गेल्या. त्या रंगाने ताज्या दिसतात, म्हणून इंटरनेटवर जास्त फिरतात आणि 'बाराव्या शतकातील चित्र' म्हणून खपतात. नक्कल ही कमी दर्जाची वस्तू मुळीच नाही. मूळ चित्रातला आज झडलेला भाग पुष्कळदा नकलेतच टिकलेला असतो. पण नोंदीत ती नक्कल आहे, कोणत्या काळातली आहे आणि कोणाच्या संग्रहात आहे हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. त्याबरोबर जपानी लिपीतील मूळ नाव, गुंडाळीचा आणि दृश्याचा क्रमांक आणि सेंटीमीटरमधील मापे एवढे तरी असावे. मापे नसतील, तर पडद्यावर सगळीच चित्रे सारख्याच आकाराची वाटतात.

वापराच्या हक्कांबद्दल बराच गोंधळ असतो. आठशे वर्षांपूर्वीच्या चित्रावर स्वामित्वहक्क नाही, हे सर्वत्र मान्य आहे. प्रश्न येतो तो त्याच्या छायाचित्राचा आणि वस्तूच्या मालकाचा. सपाट चित्राच्या तंतोतंत छायाचित्राला स्वतंत्र स्वामित्वहक्क मिळत नाही, असा निकाल न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये दिला आणि युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात तेच तत्त्व स्वीकारले. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८४ मध्ये, एका प्राचीन चिनी सुलेखनाच्या वादात, मालकी वस्तूपुरती असते, तिच्या दृश्य आशयावर ती चालत नाही, असे म्हटले. तरीही संकेतस्थळाच्या वापराच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी त्या वाचाव्यात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून हक्कमुक्त कलाकृतींच्या आपल्या प्रतिमा 'सीसी झिरो' परवान्याखाली, म्हणजे कोणत्याही कामासाठी न विचारता वापरता येतील अशा रीतीने, खुल्या केल्या आहेत. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयातील संरक्षणकाळ संपलेल्या साहित्यासाठीही अर्ज लागत नाही. मंदिरांच्या मालकीच्या गुंडाळ्यांबाबत मात्र, कायदा काहीही म्हणो, आपण आधी परवानगी मागावी असे माझे मत आहे, कारण तिथे ती वस्तू आजही पूजनीय आहे.

मराठी वाचकाला सुरुवात करायची असेल, तर जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचे 'ई-कोकुहो' हे संकेतस्थळ सोयीचे आहे. त्याचा मजकूर इंग्रजीतही आहे आणि हेइजीचा तोक्योतील भाग तिथे बारकाईने पाहता येतो. तिथेच भुकेल्या प्रेतात्म्यांच्या गुंडाळीत बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन प्रेतयोनीत गेलेल्या आपल्या आईला अन्न पोहोचवताना दिसतो, आणि ही कथा बौद्ध ग्रंथांबरोबर आशियाभर फिरत जपानला पोहोचलेली आहे. 'ट्रिपल आय एफ' आराखड्याने खुल्या केलेल्या प्रतिमांची आणखी एक सोय अशी की, मूळ प्रतिमेला हात न लावता तिच्या कोणत्याही भागावर टीप जोडता येते आणि ती टीप कोणत्याही भाषेत असू शकते. मौद्गल्यायनाच्या दृश्यावर, हेइजीच्या आगीवर किंवा त्या धनुर्धरावर मराठीत टिपा लिहून त्यांचा एक संच तयार केला, तर प्रतिमा संग्रहालयाच्याच सर्व्हरवर राहील आणि पुण्यातला किंवा पणजीतला विद्यार्थी ती गुंडाळी मराठी टिपांसह सरकवू शकेल. अशा कामाला संगणकाची मध्यम जाण, जपानी कलेचा थोडा अभ्यास आणि एखाद्या जपानी भाषेच्या विभागाची साथ एवढे पुरेसे आहे.